मंदिरावरचा ‘डायनासोर’ आणि खडकांचे थर यांत कोणाची साक्ष ग्राह्य धरावी?

तुमचा प्रश्न असा आहे की, कंबोडियातील ता प्रोम मंदिराच्या भिंतीवर स्टेगोसॉरसची, म्हणजे पाठीवर हाडांच्या उभ्या, पत्र्यासारख्या ‘तकटा’ असलेल्या डायनासोरची, आकृती कोरलेली दिसत असताना, डायनासोर माणसाच्या कितीतरी आधी नामशेष झाले असे खडकांच्या थरांवरून सांगणाऱ्या भूशास्त्रज्ञांचे का ऐकावे. माझे उत्तर स्पष्ट आहे. ती आकृती स्टेगोसॉरसची नाही, आणि तशी असती तरी तिच्यावरून कोणत्याही खडकाचे वय ठरले नसते. माझी उभी हयात भूशास्त्र शिकवण्यात गेली आहे आणि नेमक्या ह्याच आकृतीवरून आमच्या नात्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहे, त्यामुळे चार ओळींत उत्तर देऊन थांबणे मला शक्य नाही.

ता प्रोम जिथे आहे त्या अंगकोरच्या, म्हणजे कंबोडियातील ख्मेर राजांच्या जुन्या राजधानीच्या, प्रवासात माझे मेहुणे आमच्याबरोबर होते. ते निवृत्त अभियंते आहेत, वाचन दांडगे आहे, आणि भूशास्त्र हे अंदाजांचे शास्त्र आहे हे त्यांचे जुने मत आहे. ता प्रोममध्ये वाटाड्याने ती आकृती दाखवली तेव्हा त्यांनी तिचे अगदी जवळून छायाचित्र घेतले आणि मी मात्र त्या संपूर्ण पट्टीसमोर बराच वेळ उभा राहिलो. दाराजवळच्या भिंतीवर एकाखाली एक अशी कोरीव वर्तुळे आहेत आणि प्रत्येक वर्तुळात एकेक प्राणी आहे. माकड आहे, हरिण आहे, म्हैस आहे, पक्षी आहेत. प्राणी आणि वर्तुळाची कड यांच्यामध्ये उरलेली जागा शिल्पकाराने मोकळी सोडलेली नाही, ती पाकळ्यांसारख्या नक्षीने भरून काढली आहे. वादग्रस्त प्राण्याच्या पाठीवर ज्या ‘तकटा’ दिसतात त्या ह्याच नक्षीच्या जातीच्या आहेत. एकच वर्तुळ कापून मोठे केले की त्या पाठीला चिकटलेल्या वाटतात, आणि शेजारची वर्तुळे सोबत ठेवली की त्या पार्श्वभूमीत जाऊन बसतात.

प्राणी नीट पाहिला तर इतरही गोष्टी जुळत नाहीत. स्टेगोसॉरसचे डोके शरीराच्या मानाने फारच लहान आणि निमुळते होते, मागचे पाय पुढच्या पायांपेक्षा बरेच लांब होते आणि शेपटीच्या टोकाला लांब अणकुचीदार काटे होते. भिंतीवरच्या प्राण्याचे डोके मोठे आहे, डोक्यावर शिंगासारखा किंवा कानासारखा भाग आहे, चारही पाय जवळपास सारखे आणि जाड आहेत, आणि शेपटीला काटे नाहीत. ज्याने हा प्राणी प्रत्यक्ष पाहून कोरला असे म्हणायचे, तो शिल्पकार त्याचे सर्वात भयंकर हत्यारच कोरायला विसरला असे मानावे लागते.

परतल्यावर मेहुण्यांनी एका सभेत ते कापलेले छायाचित्र पडद्यावर मोठे करून दाखवले आणि ‘दगड खोटे बोलत नाहीत’ असे सांगितले. मी उठून विनंती केली की, हीच पट्टी पूर्ण दाखवावी. वेळ कमी असल्याचे सांगून आयोजकांनी मला खाली बसवले, टाळ्या झाल्या आणि विषय संपला. मला त्या टाळ्यांचे दुःख नाही. पुराव्याचा शेजार कापून पुरावा दाखवला गेला आणि सभागृहात बसलेल्या मुलांपुढे तो तसाच राहिला, ह्याचे दुःख आजही आहे.

दगड खोटे बोलत नाहीत हे मलाही मान्य आहे, परंतु त्यांना कोणता प्रश्न विचारायचा हे आपल्याला कळले पाहिजे. ता प्रोमच्या वालुकाश्माचे कण मध्यजीव महाकल्पात, म्हणजे खरोखरच डायनासोरांच्या युगात, पाण्याने वाहून आणून साठवले. त्याच दगडावर छिन्नी चालली ती मात्र बाराव्या शतकाच्या अखेरीस, ख्मेर राजा सातव्या जयवर्मनच्या काळात. मंदिराची प्रतिष्ठापना ११८६ सालची आहे. एकाच दगडावर दोन काळ नोंदले गेले आहेत. कण नदीविषयी सांगतात आणि छिन्नीचे घाव माणसाविषयी सांगतात. एकाची साक्ष दुसऱ्याच्या तोंडी घातली की असले डायनासोर जन्माला येतात.

शिल्पे माणसाविषयी किती सांगतात, ते खरे पाहण्यासारखे आहे. त्याच राजाच्या बायोन मंदिराच्या बाहेरील शिल्पपटांत शेजारच्या चंपा राज्याच्या चाम सैन्याशी झालेली नौकांची लढाई आहे आणि नावांखालून मासे पोहत आहेत, पण त्याबरोबर बाजारात बसलेल्या बायका आहेत, कोंबड्यांची झुंज आहे, रांधणारे लोक आहेत. राजाच्या शिलालेखात ह्यांतले काही मिळणार नाही. अंगकोरच्या बौद्ध मंदिरांत कोनाड्यांतल्या अनेक बुद्धमूर्ती छिन्नीने तासून काढलेल्या आहेत आणि कोनाडे तसेच उरले आहेत. तेराव्या शतकात राजाश्रय पुन्हा शिवभक्तीकडे वळला, त्याची ही खूण असल्याचे सामान्यतः मानले जाते. जावामधील बोरोबुदूर ह्या बौद्ध स्मारकावरील जहाजाच्या शिल्पावरून तर नवे जहाज बांधले गेले आणि ते २००३-०४ मध्ये थेट घानापर्यंत गेले. म्हणजे शिल्पाची साक्ष तपासताही येते. मात्र मंदिरांवर मकर आहेत, कीर्तिमुखे आहेत, हत्तीची सोंड आणि सिंहाचे धड असलेले व्याल आहेत. कोरलेले सर्व काही डोळ्यांनी पाहिलेले, असा नियम केला तर ह्या सर्वांचे सांगाडे कुठे आहेत, ह्या माझ्या प्रश्नाला मेहुण्यांनी आजवर उत्तर दिलेले नाही.

आपल्याकडचे उदाहरण कर्नाटकातील होयसळ राजांच्या काळातल्या मंदिरांचे आहे. सोमनाथपूरच्या १२५८ सालच्या केशव मंदिरातील काही मूर्तींच्या हातात मक्याचे कणीस आहे, म्हणून कोलंबसच्या आधीच मका भारतात आला होता, असा दावा १९८९ मध्ये गंभीरपणे मांडला गेला. दाणेदार आकार खरोखर कणसासारखा दिसतो. पण त्या काळातल्या मक्याचे खात्रीशीर अवशेष भारतातल्या उत्खननांत मिळालेले नाहीत, आणि जमिनीने साथ दिली नाही तर हातातल्या फळाचे नाव केवळ दिसण्यावरून ठरवता येत नाही.

आता थरांकडे येतो, कारण मेहुण्यांचा खरा आक्षेप तिथे आहे. त्यांचे म्हणणे असे की, थराचे वय जीवाश्मांवरून ठरवतात आणि जीवाश्मांचे वय थरावरून, म्हणजे सगळे गोल गोल फिरणे झाले. हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो आणि तो चुकीचा आहे. विल्यम स्मिथ हा कालव्यांसाठी मोजणी करणारा माणूस होता. कोणत्या थरानंतर कोणता थर येतो आणि कोणत्या थरात कोणते शंख सापडतात, हे त्याने चालत फिरून टिपले आणि १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ १८५९ मधला आहे. म्हणजे जीवाश्मांचा क्रम कोणत्याही सिद्धान्ताच्या सोयीसाठी रचलेला नव्हता, तो आधी जमिनीत सापडला.

वर्षांचे आकडे वेगळ्या मार्गाने येतात. थरांच्या मध्ये ज्वालामुखीची राख साचलेली असेल तर तिच्यात झिरकॉन ह्या खनिजाचे बारीक स्फटिक मिळतात. हा स्फटिक तयार होताना युरेनियम आत घेतो आणि शिशाला जवळजवळ थारा देत नाही, त्यामुळे आज त्यात सापडणारे शिसे मुख्यतः युरेनियमच्या विघटनातून आलेले असते. युरेनियमचे दोन समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) इथे कामी येतात, एकाचे अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) सुमारे ४४७ कोटी वर्षे आणि दुसऱ्याचे सुमारे ७० कोटी वर्षे. दोन्ही घड्याळे स्वतंत्रपणे चालतात, आणि ती एकच वेळ दाखवतात तेव्हाच वय विश्वसनीय धरले जाते. ह्यात जीवाश्माचा संबंधच येत नाही. स्टेगोसॉरसची हाडे ज्या थरांत मिळतात ते सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, पक्षी वगळता उरलेले डायनासोर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले, आणि आजवर ज्ञात असलेली सर्वात जुनी दगडी हत्यारे सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. ह्या अंतरावर पूल बांधायचा असेल तर अबाधित थरात, माणसाच्या वस्तीशेजारी, डायनासोरचे एक हाड दाखवावे लागेल. मेहुण्यांना मी एवढेच मागत आलो आहे.

तुम्हाला सल्ला द्यायचा तर असे छायाचित्र पुढे आले की आधी संपूर्ण भिंतीचे छायाचित्र मागावे, आणि ते मिळेपर्यंत मत देऊ नये, समोरची व्यक्ती वयाने मोठी असली तरीही.

काही गोष्टी मी वर सांगितल्या नाहीत, त्या इथे नोंदवतो. तो प्राणी गेंडा, रानडुक्कर किंवा सरडा असावा अशी निरनिराळी मते मांडली गेली आहेत. माझा कल गेंड्याकडे आहे, कारण त्या प्रदेशात गेंडे होते आणि ख्मेर शिल्पांत अग्नीचे वाहनच गेंडा आहे. दुसरे असे की, शिल्पकारांनी जिवंत प्राणी नव्हे, तर एखादा जीवाश्म पाहिला असेल, असा मवाळ युक्तिवादही केला जातो. तो तत्त्वतः अशक्य नाही, पण इथे टिकत नाही. १८७७ मध्ये स्टेगोसॉरसचे नामकरण करणाऱ्या ऑथनिएल मार्शच्या हातात प्रत्यक्ष हाडे होती आणि तरीही त्या तकटा पाठीवर कौलांसारख्या आडव्या पसरलेल्या असाव्यात, असे त्याला प्रथम वाटले. पाठीवर उभ्या तकटा असलेले चित्र त्याने १८९१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि तेही अधिक पूर्ण सांगाडे मिळाल्यानंतर.