साठीनंतर जबड्याच्या सांध्याचं दुखणं: उपचार घ्यावेत की आहे तसं चालवून न्यावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय 64, राहायला सिन्नरला. उजव्या कानापुढे जबडा वर्षानुवर्षं कट् कट् वाजतो. दिवाळीपासून तो दुखायला लागलाय आणि तोंड पूर्वीसारखं उघडत नाही. एका ठिकाणी सगळे दात यंत्राने घासून बारीक करून वर कॅप बसवायला सांगितलंय, दुसरीकडे ऑपरेशनचं नाव काढलं, आणि मुलगा म्हणतोय पुण्याला दाखवू. या वयात एवढं करावं का, की तसंच ओढावं, हा तुमचा प्रश्न.

मी डॉक्टर नाही. ओझरच्या विमान कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो, आता नाशिकला इंदिरानगरमध्ये असतो, वय 71. हाच सांधा माझाही बिघडलेला आहे आणि तो घेऊनच मी जेवतो, बोलतो, भांडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: उपचार जरूर घ्या, पण नको वाटला तर थांबवता येईल असा उपचार आधी. ज्यातून मागे फिरता येत नाही, तो अगदी शेवटी. या दुखण्यात वयापेक्षा हा क्रम जास्त महत्त्वाचा आहे.

आवाजाचं म्हणाल, तर त्याचं एवढं मनावर घेऊ नका. कानाच्या भोकापुढे बोट ठेवून सावकाश तोंड उघडा. आधी खालच्या जबड्याचं हाड जागच्या जागी फिरतं, मग पुढे सरकतं. ते आणि कवटी यांच्या मध्ये कूर्चेसारखी चिवट चकती असते. ती पुढे निसटली की तोंड उघडताना हाड तिच्यावर चढतं, तोच तुमचा कट्. एखाद्या दिवशी आवाज बंद होतो आणि त्याच दिवशी तोंड कमी उघडायला लागतं, तेव्हा लोकांना वाटतं बरं झालं. खरं तर तेव्हा चकती पुढेच अडकून बसलेली असते. वय वाढतं तसा कट् जाऊन करकर येते, पोळपाटावर रवा सांडल्यासारखी. ती सांध्याची झीज, गुडघ्यात होते तीच. नुसता आवाज असेल आणि दुखत नसेल, तर त्याला उपचार लागत नाही. तुम्हाला दुखतंय आणि तोंडही कमी उघडतंय, म्हणून तुमचं प्रकरण वेगळं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हे दुखणं मुख्यतः 20 ते 40 या वयातलं, आणि बायकांना जास्त. साठीनंतर एक्स-रेच्या फोटोत सांधा झिजलेला, चपटा झालेला दिसतो, पण दुखणं बहुतेकांचं कमीच होत जातं. फोटो पाहून घाबरून जाऊ नका. पण याचाच दुसरा अर्थ असा की साठीनंतर नव्याने दुखायला लागलं, तर ते सांध्याचंच आहे असं गृहीत धरायचं नाही. दात घासून कॅप बसवायचं कुणी बोलण्याआधी हे तपासलं गेलं का, ते मला तुमच्या प्रश्नात दिसलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जेवताना चार घास चावले की जबडा भरून येतो, थांबलं की उतरतो, कानशील दाबलं की दुखतं, केस विंचरताना डोक्याची कातडी हुळहुळते, मधेच एका डोळ्यापुढे अंधारी येते. यातलं काही होत असेल तर दातांच्या डॉक्टरांची वाट पाहू नका, त्याच दिवशी फिजिशियनकडे जा. पन्नाशीनंतर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येण्याचा एक आजार असतो. आपल्याकडे तो क्वचित आढळतो, पण उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते. ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या साध्या तपासण्यांवरून संशय येतो आणि स्टेरॉइड लगेच सुरू करतात. दुसरं, पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना जबडा दुखतो आणि बसल्यावर थांबतो, चावण्याशी त्याचा काही संबंध नाही, असं असेल तर आधी ईसीजी. हृदयाचं दुखणं जबड्यात येतं, आणि बायकांमध्ये ते छातीत न जाणवता असं भलतीकडे जाणवण्याचं प्रमाण जास्त. तिसरं, दातांना ब्रश करताना किंवा तोंड धुताना विजेचा झटका बसावा तशी कळ येऊन जात असेल, तर ते नसेचं दुखणं. त्याची औषधं निराळी, त्यात दात काढून काही उपयोग होत नाही.

आणि सुपारी. तुम्ही खात असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजू नका. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण जेवणानंतरची सुपारी आपल्या घराघरात आहे. सुपारीने गालाच्या आतली कातडी पांढुरकी आणि ताठ होते, तिखट झोंबायला लागतं आणि तोंड हळूहळू मिटत जातं. ते सांध्याचं दुखणं नाही आणि त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

हे सगळं बाजूला झालं आणि सांधा किंवा चावण्याचे स्नायूच कारण निघाले, तर पुढचं बरंचसं घरी होतं. आधी तोंड किती उघडतं ते मोजून ठेवा. समोरच्या वरच्या आणि खालच्या दातांच्या कडांमधलं अंतर. मोठ्या माणसाचं साधारण 35 ते 50 मिलिमीटर असतं. पट्टी नसेल तर स्वतःची तीन बोटं एकावर एक घालून बघा. माझा जबडा अडकला तेव्हा 26 भरलं होतं. कारखान्याची सवय, मी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं लोखंडी साधन, काढला, तर मिसेस म्हणाल्या, ते तेलकट लोखंड तोंडात घालायचं नाही. मग नातवाची प्लॅस्टिकची पट्टी. वहीत तारीख आणि आकडा लिहीत गेलो. काही महिन्यांत 37 पर्यंत आलं. त्याचा खरा फायदा डॉक्टरांपुढे झाला. “थोडं बरं वाटतंय” आणि “26 चं 37 झालं” यात फार फरक पडतो.

दात एकमेकांवर टेकायची वेळ म्हणजे जेवण आणि आवंढा. बाकी दिवसभर ओठ मिटलेले आणि दात सुटे असायला हवेत. आपण मात्र टीव्हीवर बातम्या बघताना, द्वारका चौकात सिग्नलला उभे असताना दात आवळून बसतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. फिजिओथेरपिस्टने मला युक्ती सांगितली. मिसेसच्या टिकल्यांच्या पाकिटातल्या लाल टिकल्या घेतल्या आणि रिमोटवर, स्कूटरच्या आरशावर, मोबाइलच्या पाठीवर चिकटवल्या. टिकली दिसली की बघायचं, दात टेकलेत का? टेकले असतील तर सोडायचे. सोसायटीत हसले लोक. पण गोळीने झालं नाही ते टिकलीने झालं.

व्यायाम एकच सांगतो, बाकीचे फिजिओथेरपिस्टकडूनच शिका, कारण चकती अडकलेली असेल तर ताण कसा आणि किती द्यायचा हे त्यांनी हाताने बघून ठरवलेलं बरं. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकवायचं, आरशासमोर बसायचं आणि जीभ न सोडता सावकाश तोंड उघडायचं. हनुवटी एका बाजूला पळाली की थांबायचं आणि परत. आधी गरम पाण्यात पिळलेल्या पंचाने शेकून घ्यायचं. नाशिकच्या थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, सकाळी जबडा जास्त धरतो. तेव्हा मी शेक घेतल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही.

खाण्याचं पथ्य पाळताना लोक एकदम पातळ खिचडीवर जातात आणि महिन्याभरात कंटाळून सगळं सोडून देतात. तेवढं करू नका. भाकरी आमटीत कुस्करून, पेरू किसून किंवा बारीक फोडी करून. मिसळ मी सोडलेली नाही, नाशिकमध्ये राहून ते जमायचं नाही. शेव रश्श्यात मऊ पडेपर्यंत थांबतो आणि पाव भिजवून घेतो. फुटाणे, चिक्की, ऊस, कडक चिवडा मात्र खरोखर बंद. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरायची, आ वासायचा नाही.

गोळ्यांबाबत आपल्या वयाला वेगळे नियम आहेत. मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची पट्टी आणून आठवडाभर घेणं तिशीत चालून जातं. बीपीच्या गोळ्या चालू असतील, किडनीचं काम थोडं कमी असेल, रक्त पातळ करायची गोळी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको.

आता कवळी, स्प्लिंट आणि कॅप. कवळी असेल आणि जुनी, झिजलेली असेल तर ती बदलून बघणं वाजवी आहे. स्प्लिंट म्हणजे रात्री दातांवर चढवायचा कडक ॲक्रिलिकचा साचा, तो मी लावतो. सुरुवातीला लाळ सुटते, तोंडात परकं काहीतरी आहे असं वाटून झोप मोडते, मग सवय होते. थंड पाण्याने धुवायचा, गरम पाण्याने वाकडा होतो. दुखण्यावर त्याचा किती उपयोग होतो यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलने 2023 मध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना छापल्या. त्यात भर आहे तो जबड्याच्या व्यायामांवर, फिजिओच्या हाताने केलेल्या उपचारांवर आणि दुखण्याकडे बघायची सवय बदलणाऱ्या समुपदेशनावर. स्प्लिंट आणि बोटॉक्सची इंजेक्शनं यांच्याबद्दल त्यात फारसा उत्साह नाही. मी स्प्लिंट ठेवलाय कारण मी झोपेत दात खातो, आणि निदान दात तरी वाचतात. तो उतरवून डबीत ठेवता येतो, हे त्यातलं मला सगळ्यात आवडतं.

कॅपबद्दल माझं मत कडक आहे. “तुमचे दात नीट बसत नाहीत म्हणून सांधा बिघडला” ही कल्पना जुनी आहे. 1934 मध्ये कॉस्टन नावाच्या अमेरिकन कान-नाक-घसा डॉक्टरांनी मांडलं होतं की दाढा गेल्या की सांधा मागे दबतो आणि कान दुखतो. ते स्पष्टीकरण पुढे टिकलं नाही. सांध्याच्या दुखण्यासाठी चांगले दात घासून कॅप बसवू नयेत, हेच आज सर्वसाधारण मत आहे. दात किडलेत, तुटलेत, चावता येत नाही, म्हणून कॅप लागत असेल तर तो वेगळा विषय. तेव्हा विचारा: हे दातांसाठी करताय की सांध्यासाठी? सांध्यासाठी असं उत्तर आलं तर दुसरं मत घ्या.

ऑपरेशनचं नाव काढलं म्हणजे नेमकं कुठलं, ते लिहून मागा. सुईने सांधा धुणं हे लहान काम, ते भूल न देता नुसती जागा बधिर करूनही होतं. दुर्बिणीचं त्याहून मोठं. सांधा उघडणं आणखी मोठं, आणि सांधा बदलणं हे अगदी टोकाचं. हाड चिकटून तोंड मिटलेलं असेल किंवा सांधा पार खलास झाला असेल, तरच. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, तिला इजा व्हायचा धोका असतो. 1980 च्या दशकात अमेरिकेत टेफ्लॉनचा लेप असलेली चकती बऱ्याच रुग्णांच्या सांध्यात बसवली गेली. तिचे तुकडे पडून आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं आणि 1990 च्या सुमारास ती बाजारातून काढावी लागली. आजचे कृत्रिम सांधे त्याहून बरेच चांगले आहेत, पण घाईने ऑपरेशन करू नये असं शहाणे सर्जन स्वतःच सांगतात, त्यामागे हा इतिहास आहे. हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा वर्षातून एकदा इंजेक्शन चालू असेल, तर दात काढण्याआधी आणि जबड्याच्या कुठल्याही ऑपरेशनआधी ते सांगायलाच हवं, कारण जबड्याची जखम भरायला त्याने अडचण येऊ शकते.

हे मात्र फार कमी लोक सांगतात: उद्या गुडघ्याचं, हर्नियाचं, कसलंही ऑपरेशन पूर्ण भूल देऊन ठरलं, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा की तोंड कमी उघडतं. नळी घालायला त्यांना तयारी ठेवावी लागते. आणि रूट कॅनाल करायचं झालं तर दातांखाली धरायचा रबरी ठोकळा मागा आणि मधे मधे तोंड मिटू द्या म्हणून सांगा. एका लांबलेल्या बैठकीनंतर जबडा धरलेले दोघे माझ्या ओळखीत आहेत.

पुण्याचं म्हणाल तर सध्या गरज नाही. सिन्नरहून नाशिक जवळ आहे. पंचवटीत डेंटल कॉलेज आहे. तिथे किंवा खाजगीत, ओरल मेडिसिनचे, म्हणजे तोंडाच्या आजारांचे डॉक्टर किंवा जबड्याचे सर्जन असतील त्यांच्याकडे सकाळच्या वेळेत जा. जुने एक्स-रे, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, कवळी असेल तर कवळी आणि तोंड किती उघडतं त्या आकड्यांचा कागद बरोबर न्या. ओपीजीत, म्हणजे सगळ्या जबड्याच्या एक्स-रेत, हाड दिसतं, चकती दिसत नाही. चकतीसाठी एमआरआय लागतो, पण तो उपचार बदलणार असेल तरच काढायचा, हेही विचारा. काही महिने व्यायाम आणि पथ्य नीट करूनही आकडा वाढला नाही, किंवा घास घेता येईना, तर मुलाला सांगा पुण्याची अपॉइंटमेंट घ्यायला. तोपर्यंत पट्टीने मोजून आकडा इथे कमेंटमध्ये टाका, आणि सुपारीचंही खरं खरं लिहा.