'ऐक' म्हणताना डोळे का झाकायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: "मी ज्यू नाही. तरी ज्यू धर्मशिक्षणातून धर्मग्रंथ, श्रद्धा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल मला काही शिकता येईल का? सुरुवात कुठून करू?"

येईल. मीही ज्यू नाही आणि गेली अकरा वर्षं शिकते आहे.

आमचं घर अलिबागला, इस्रायल आळीच्या अगदी जवळ. शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब. आडनावाच्या शेवटी 'कर', घरातली भाषा मराठी, आणि मासळी बाजारात आई आणि काकू कायम जोडीने. त्यांच्या दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला बोटाएवढी एक नळी ठोकलेली होती. काका जाता-येता तिला बोटं लावायचे आणि तीच बोटं ओठांना टेकवायचे. सात-आठ वर्षांची असेन, मी विचारलं, "काका, ह्याच्यात तुमचा देव असतो का?" काका म्हणाले, "देव नाही गं, चामड्याची गुंडाळी आहे. तिच्यावर 'ऐक' असं लिहिलंय."

पुढे कळलं की त्या नळीला मेझुझा म्हणतात आणि आतली वचनं 'शेमा यिस्रायल'पासून, म्हणजे 'हे इस्राएला, ऐक'पासून सुरू होतात. तोरा म्हणजे ज्यूंची पहिली पाच धर्मपुस्तकं; त्यांतल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं हे वचन ज्यू माणूस सकाळ-संध्याकाळ म्हणतो, आणि पहिली ओळ म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकून घेतो. मला ह्याचं फार नवल वाटायचं. आपण देवळात जातो ते दर्शनाला. पायरीवर उभं राहून मान उंच करून मूर्तीचे डोळे दिसतात का ते बघतो. इथे उलट डोळे मिटायचे आणि कान उघडायचे. सीनाय पर्वतावर देव लोकांशी बोलला, त्याची आठवण देताना संदेष्टा मोशे त्यांना म्हणतो की तुम्ही शब्दांचा आवाज ऐकलात, आकृती मात्र पाहिली नाहीत. जेरुसलेमच्या मंदिरातला सर्वांत आतला गाभाराही रिकामा होता. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पी त्यात घुसला, तेव्हा आत एकही मूर्ती नव्हती.

आपल्याकडेही नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणच आहे, म्हणून मला हे परकं वाटलं नाही. कोकणातल्या बेने इस्रायलींची तर सगळी कहाणीच ह्या एका शब्दावर उभी आहे. परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. ते तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी, ज्यूंच्या विसाव्याच्या वारी, घाणा बंद ठेवू लागले. म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' नाव दिलं. प्रार्थना विसरल्या, हिब्रू विसरली, शेमा तेवढा तोंडात राहिला. सुंता असो, लग्न असो, मयत असो, प्रत्येक वेळी तोच म्हणायचा. पुढे दावीद राहाबी नावाचा ज्यू त्यांच्यात आला आणि त्याने त्यांना बाकीचं पुन्हा शिकवलं. ग्रंथाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या नुसतं 'ऐक' धरून राहणारी ही माणसं माझ्या शेजारी राहत होती, आणि मला ते कितीतरी वर्षांनी कळलं.

आता ग्रंथाकडे येते, कारण मला सर्वांत जास्त मिळालं ते तिथे.

तोरेची गुंडाळी चामड्यावर हाताने लिहितात. तिच्यात ३,०४,८०५ अक्षरं असतात. एक अक्षर उडालं तरी दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी वाचायला घेत नाहीत. वाचताना ओळीवर बोट टेकवत नाहीत, चांदीचा छोटा हात फिरवतात. म्हणजे अक्षराला एवढं जपायचं. पण त्याच अक्षरांना स्वरचिन्हं नाहीत, विरामचिन्हं नाहीत. कसं वाचायचं ते गुरूच्या तोंडून ऐकूनच कळतं. आणि अर्थाबद्दल रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, म्हणतात की तोरेला सत्तर चेहरे आहेत. अक्षर हलवायचं नाही आणि अर्थ मात्र विचारत राहायचा, हे मला आधी विसंगत वाटलं होतं. आता वाटतं, अक्षर पक्कं आहे म्हणून तर निर्धास्तपणे वाद घालता येतो.

फ्रान्समधल्या त्र्वा गावचा रशी (१०४०–११०५) हा सर्वांत लाडका भाष्यकार. ज्यू मुलं तोरा शिकतात ती त्याचं बोट धरून. तोरेचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात 'याकोब व एसाव ह्यांची आई रिबका' असे शब्द येतात. ती कोणाची आई हे वाचकाला केव्हाच माहीत आहे, मग पुन्हा का सांगितलं? रशी तिथे लिहितो: हे आपल्याला काय शिकवतं, मला ठाऊक नाही. काकांनी हे वाचून दाखवलं आणि पुस्तक मिटलं. म्हणाले, "गप्प बसला असता तर कोणाच्या लक्षात आलं असतं? पण शिकणाऱ्याला कळायला हवं की इथे प्रश्न आहे." मी शाळेत शिकवते. त्या दिवसापासून वर्गात 'मला माहीत नाही' हे वाक्य मी फळ्यावर लिहिते आणि त्याखाली मुलांचा प्रश्न लिहिते.

ताल्मूद म्हणजे रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ. त्यातली एक गोष्ट तर तुम्ही वाचाच. मातीच्या तुकड्यांची, मधे वाळू घातलेली एक भट्टी. ती विटाळते की नाही ह्यावर रब्बींचा वाद पेटला. रब्बी एलिएझर एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे. एलिएझर म्हणाले, माझं खरं असेल तर ते झाड साक्ष देईल. झाड मुळासकट उपटून शंभर हात लांब गेलं. बाकीचे म्हणाले, झाडावरून निकाल लागत नाही. मग ओढा उलटा वाहिला. तरी नाही. मग पाठशाळेच्या भिंती कलायला लागल्या, तेव्हा रब्बी येहोशुआ भिंतींवरच ओरडले की विद्वान वाद घालताहेत, तुमचं इथे काय काम! त्यांचा मान राखून भिंती पडल्या नाहीत आणि एलिएझरांचा मान राखून सरळही झाल्या नाहीत. शेवटी आकाशवाणी झाली: एलिएझर बरोबर आहे. येहोशुआ उभे राहिले आणि तोरेतलंच वचन म्हणाले, "ती आकाशात नाही." तोरा माणसांच्या हाती दिली आहे, आता निर्णय माणसांनी करायचा. पुढे एका रब्बीने एलियाहू संदेष्ट्याला विचारलं की त्या क्षणी देवाने काय केलं? एलियाहू म्हणाला, तो हसला आणि म्हणाला, माझ्या लेकरांनी मला हरवलं.

हा तोच एलियाहू हन्नाबी, ज्याच्या नावाने कोकणातले बेने इस्रायली मलिदा नावाचा विधी करतात. ताटात गुळाचे पोहे, ओलं खोबरं, फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा कातळावर दाखवतात. न दिसणारा पाहुणा आणि त्याच्यासाठी भरलेलं ताट, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. ताटातले पोहे तर आधी आम्हा मुलांनाच मिळायचे.

पण गोष्ट हसण्यावर थांबत नाही, आणि बरेच लोक तिथेच थांबतात. बहुमताने एलिएझरांना बहिष्कृत केलं. ही बातमी सांगायला कोण जाणार? रब्बी अकिवा म्हणाले, मी जातो; दुसरा कोणी उद्धटपणे सांगेल. ते काळे कपडे घालून गेले आणि चार हात अंतरावर बसले. एलिएझर रडले. त्यांच्या दुःखाचे भोग पुढे कोणाकोणाला भोगावे लागले, तेही ताल्मूद लपवत नाही. ही कथा ताल्मूदने घातली आहे ती कुठे? बोलण्याने माणसाला दुखवणं किती मोठं पाप आहे, ह्या चर्चेत. वाद बरोबर जिंकला आणि माणूस मोडला, हे दोन्ही एकाच पानावर ठेवणारा ग्रंथ मला पूज्य वाटतो.

श्रद्धेला हिब्रूत 'एमुना' म्हणतात. 'आमेन' त्याच धातूतून आलाय. मूळ अर्थ पक्कं, स्थिर, भरवशाचं. तोरेतल्या निर्गम ह्या पुस्तकात अमालेक लोकांशी लढाई होते तेव्हा मोशे टेकडीवर हात वर करून उभा असतो. हात वर असेपर्यंत इस्राएल जिंकतं, खाली आले की हरतं. मोशेचे हात जड होतात. मग त्याला दगडावर बसवतात, अहरोन एक हात धरतो, हूर दुसरा, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात 'एमुना' राहतात. मराठीत 'स्थिर' असं भाषांतर आहे; मूळ शब्द श्रद्धेचाच. म्हणजे ती मनातली खात्री असण्याआधी हातांची अवस्था आहे, आणि ते हात दुसऱ्यांनी धरलेले आहेत. पुढे बाराव्या शतकात मायमोनिदीसने श्रद्धेची तेरा तत्त्वं मांडली, तीही शिका. पण माझं मन ह्या टेकडीवरच रमतं.

माझी आई तेवीस दिवस रुग्णालयात होती. काका रोज संध्याकाळी यायचे, बाहेरच्या बाकावर बसायचे, माझ्या हातात डबा द्यायचे. आई गेली त्या रात्री ते आमच्या ओसरीवर आले आणि तासभर एक अक्षर बोलले नाहीत. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. नंतर वाचलं की सांत्वनाला गेलेल्याने शोक करणाऱ्याच्या आधी तोंड उघडू नये असा नियमच आहे, आणि तो ईयोबाच्या पुस्तकातून घेतला आहे: मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी बोललं नाही. ईयोब बोलला आणि मगच ते बोलू लागले.

कितीतरी दिवसांनी मीच विचारलं, "आई आता कुठे असेल?" काका म्हणाले, "आमचं तनाख, म्हणजे हिब्रू बायबल, ह्याबद्दल फार थोडं बोलतं." रब्बींनी येणाऱ्या जगाबद्दल, मेलेल्यांच्या पुनरुत्थानाबद्दल सांगितलं आहे, पण त्या जगाचं वर्णनही 'तिथे खाणं नाही, पिणं नाही, देवघेव नाही, मत्सर नाही' असं नकारानेच केलं आहे. मयतामागे म्हणायच्या कद्दीशमध्ये मृत्यूचा उल्लेखसुद्धा नाही. देवाचं नाव मोठं होवो, एवढंच आहे, आणि ते एकट्याने म्हणता येत नाही, दहा जण लागतात. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. एकटं वाटायचं मात्र कमी झालं.

अदृश्याबद्दल ज्यू शिकवण अशीच जपून पाऊल टाकते. ताल्मूदचा मूळ भाग असलेली मिश्ना बजावते की वर काय, खाली काय, आधी काय, नंतर काय, ह्यात डोकं घालू नका. तोरेचं पहिलं अक्षर 'बेत' तीन बाजूंनी बंद आहे आणि फक्त पुढच्या बाजूला उघडं. रब्बी म्हणतात, तिथून पुढे विचारा. चार विद्वान गूढाच्या 'बागेत' शिरले: एक मेला, एकाला वेड लागलं, एक धर्म सोडून गेला, एकटे अकिवा सुखरूप बाहेर आले. म्हणून कळकळीने सांगते, ज्यू गूढविद्येच्या, म्हणजे कबालाच्या, नावाने लाल दोरे आणि मंत्रांचे अभ्यासक्रम विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. झोहार हा कबालाचा थोर ग्रंथ आहे, पण तो पहिल्या इयत्तेचा नाही.

ज्यू नसल्याचा संकोच तुमच्या प्रश्नात आहे. ताल्मूदमध्ये ह्यावरही दोन मतं आहेत: एक रब्बी परक्याने तोरेला हात लावू नये म्हणतात, आणि रब्बी मेइर म्हणतात की तोरा शिकणारा परका माणूस महायाजकाच्या तोडीचा. दोन्ही मतं शेजारी शेजारी ठेवली आहेत. ज्यू धर्म तुम्हाला धर्मांतर करायला सांगत नाही, आणि तुम्हीही तिथे आपल्या धर्माची पुष्टी शोधायला जाऊ नका.

सुरुवात उत्पत्तीपासून करा. मराठी बायबलमधला पहिला भाग चालेल, पण ज्यू माणसासमोर त्याला 'जुना करार' म्हणू नका. त्यांच्यासाठी तो जुना झालेला नाही. तोरेचे ५४ भाग केलेले असतात आणि ते वर्षभरात वाचून संपवतात. एका आठवड्याचा भाग घ्या, त्यातल्या दहाच ओळी वाचा आणि प्रत्येक ओळीला एक प्रश्न लिहा. इंग्रजी जमत असेल तर सेफारिया ह्या संकेतस्थळावर रशी आणि ताल्मूद फुकट वाचता येतात. मुख्य म्हणजे एकट्याने वाचू नका. दोघांनी समोरासमोर बसून, मोठ्याने वाचून, एकमेकांचं खोडून काढत शिकायचं, ह्याला ते हव्रुता म्हणतात. तुमच्याशी भांडणारा एक माणूस शोधा.

माझे काका आता मुलांकडे इस्राएलला असतात. दर गुरुवारी रात्री फोन येतो, शुक्रवारी त्यांची शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विसाव्याची, तयारी असते. तोरा संपते त्याच दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतात, तशी आम्हीही आत्ता पुन्हा सुरू केली आहे. गेल्या गुरुवारी त्यांनी विचारलं, "पहिल्या दिवशी उजेड झाला, सूर्य चौथ्या दिवशी. मग तो पहिला उजेड कोणता, आणि तो गेला कुठे?" ताल्मूद म्हणतो, देवाने तो नीतिमानांसाठी लपवून ठेवला. "ते मला माहीत आहे," काका म्हणाले, "पण लपवला कुठे, हे तू सांग." मी पुढच्या गुरुवारपर्यंत मुदत मागून घेतली आहे.