शोभेच्या वाफ्यातले तण: आधी खुरपे, मग औषध, शेवटी पाचट

प्रश्न: मुळशी तालुक्यात आमचे कृषी पर्यटन केंद्र आहे. जास्वंद, एक्झोरा, तगरीच्या वाफ्यात उसाचे पाचट टाकूनही केना, घोळ, लव्हाळा वर येतो. दुकानदार म्हणतो, पाचटावरूनच टू-फोर-डी आणि ग्लायफोसेट ही तणनाशके मिसळून मारा. मारू का? आणि प्लास्टिक मल्चिंगला (प्लास्टिकच्या आच्छादनाला) अनुदान मिळेल का?

उत्तर: नाही. टू-फोर-डी रुंद पानांच्या तणावर चालते, आणि तुमची तिन्ही झाडे रुंद पानांचीच. शेजारच्या उसातले टू-फोर-डी उडून आले की कापसाची पाने भेंडीसारखी होतात, हे पाहिले असेल. जास्वंद कापसाच्याच कुळातली. ग्लायफोसेट तर कोवळ्या फुटव्यावर पडले की झाडच बसते. दुकानदाराला डबा खपवायचा आहे, बाग तुमची जाणार आहे.

तुमचा क्रम उलटा झाला. तण उगवण्याआधी मारायचे औषध पाचटावर मारले तर पाचटच ते धरून ठेवते, मातीत पोचत नाही. आधी वाफा भिजवून तण उगवू द्या, मुळासकट खुरपून काढा. मग ओल्या, स्वच्छ मातीवर पेंडीमेथॅलीन 30 टक्के ईसी (पाण्यात मिसळून मारायचे, उगवणीआधीचे तणनाशक), गुंठ्याला 33 मिली. हलके पाणी द्या आणि लगेच दोन-तीन इंच पाचट पसरा. उन्हात उघडे राहिले तर औषध उडते. उगवलेले तण याने मरत नाही, म्हणून खुरपणी टाळून चालणार नाही.

टोपणाने मोजू नका, मापाने मोजा. "थोडे जास्त टाकले तर बरे" हे मी प्रत्येक बागेत ऐकतो आणि पुढच्या खेपेला जळलेल्या मुळ्या दाखवायला मलाच बोलावतात. जास्त टाकू नका. लेबलावर मुख्यतः शेतपिकेच असतात, म्हणून आधी एका कोपऱ्यात मारून महिनाभर बघा. फवारा मातीवरच, झाडावर नाही. झेंडू, झिनियाचे बी टाकायच्या वाफ्यात अजिबात नको. जोराच्या पावसाच्या तोंडावरही नको. औषध ओढ्यात जाते आणि मासे मरतात. टू-फोर-डीचा पंप या बागेत आणूच नका, कितीही धुतलेला असो.

पाचट उसवाल्याकडून घ्या, तो नाहीतर जाळणारच. रंगीत लाकडी चिप्स विकत घेण्याची गरज नाही. खोडापासून चार बोटे मोकळी ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो. वाळवी बघत राहा.

प्लास्टिक मल्चिंगच्या अनुदानाचे विचारलेत: अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर, पण ते फलोत्पादन पिकांसाठी. पर्यटन केंद्राच्या बागेसाठी धरू नका.

लव्हाळ्याला यातले काही पुरणार नाही. तो प्लास्टिकही फोडून येतो. गाठीसकट खणून काढा, पुन्हा आला की पाने पाच-सहा व्हायच्या आतच परत काढा.