राउटर कपाटात ठेवून काय होणार?

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे त्यांचं. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सीजीपीए 7.2, आणि रात्र रात्र जागून "जगासाठी फुकट सॉफ्टवेअर" लिहितो. म्हणून रात्री दहाला राउटर काढून कपाटात, आणि मुलगा आता जेवतानाही बोलत नाही. विचारलंय की यात पैसा आहे का, नसेल तर त्याला कसं समजवू.

दादा, मार्कांचं मला टेन्शन नाही. 7.2 वर बऱ्याच कंपन्यांच्या कॅम्पसला बसता येतं, गेट द्यायची तर वर्षभर अभ्यास लागेल, बँकेच्या परीक्षा पदवीनंतर आहेतच. मी अडकले ते तुमच्या एका वाक्यावर, "मी त्याला रोज सांगतो, फुकटच्या कामाला कुत्रं विचारत नाही". रोज सांगता? आणि त्याच पत्रात खाली लिहिलंय की जर्मनीतल्या एका कंपनीचा मेल आला होता, त्याने लिहिलेल्या लायब्ररीतून (म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणाऱ्या तयार कोडमधून) पीडीएफ काढला की देवनागरीतली जोडाक्षरं तुटायची, 'क्ष' चा 'क' आणि 'ष' वेगळा पडायचा, पोराने दोन रात्री बसून ते नीट करून दिलं आणि तिकडून नुसतं थँक यू आलं. म्हणजे विचारलं ना हो कुणीतरी! कंपनीला गरज होती, पैसे होते, याने मागितले नाहीत एवढंच. आणि ज्याला घरात रोज ऐकायला मिळतं की तुझ्या कामाला किंमत नाही, तो बाहेरच्याकडे किंमत मागायला तोंड कसं उघडणार?

आता त्या "फुकट" बद्दल. इंग्रजीत फ्री हा एकच शब्द आहे, आपल्याकडे मोफत वेगळं आणि मुक्त वेगळं. हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, म्हणजे कोड कुणालाही बघता येतो, बदलता येतो, पुढे देता येतो. विकायला मनाई कुठेच नाही. ही चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन 1985 मध्ये स्वतःच्या ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रामची टेप 150 डॉलरला विकत होते. मुंबईतली फ्रापे कंपनी ईआरपीनेक्स्ट या धंद्याचा हिशोब-कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा सगळा कोड उघडा ठेवते आणि होस्टिंग (ते सर्व्हरवर चालवून देणं), सपोर्टवर कमावते. रेड हॅट ही अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनी अशाच कामावर मोठी झाली, 2019 मध्ये आयबीएमने ती 34 अब्ज डॉलरला घेतली.

पण मोबदला न्याय्य मिळतोच असं मी म्हणणार नाही, खोटं ठरेल ते. अर्ध्या इंटरनेटची सुरक्षा ज्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरवर होती, ते सांभाळणाऱ्यांना वर्षाला साधारण 2000 डॉलर देणगी यायची, 2014 मध्ये त्यातली हार्टब्लीड नावाची सुरक्षेची मोठी चूक उघडी पडली तेव्हा कुठे मोठ्या कंपन्यांनी खिशात हात घातला. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गनी कर्ल हे इंटरनेटवरून डेटा आणणारं-पाठवणारं मुक्त सॉफ्टवेअर 1998 ला आणलं, पूर्णवेळ त्यावरच पगार मिळायला 2019 उजाडलं. म्हणून देणगीच्या भरवशावर संसार मांडू नये हे त्याला जरूर सांगा. पैसा येतो तो सपोर्टचा, एखाद्याला हवं ते खास करून दिल्याचा, नाहीतर सरळ नोकरीचा, आणि नोकरीत हे उघड्यावर पडलेलं काम मुलाखत घेणाऱ्याला वाचता येतं. पुढच्या वर्षी गूगल समर ऑफ कोडला, म्हणजे नवख्यांना मुक्त सॉफ्टवेअरवर काम करायला देणाऱ्या गूगलच्या कार्यक्रमाला, अर्ज करू दे, 2005 पासून चालू आहे, स्टायपेंड मिळतो. झेरोधा या शेअर ब्रोकर कंपनीनेही 2024 ला अशा प्रोजेक्टांसाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा फंड जाहीर केलाय, पण तो चालू, लोक वापरतायत अशा कामाला, त्यामुळे ते नंतर.

त्याला समजवायला तुम्ही मला विचारताय, पण मला वाटतं हे शिकवायला तुमच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. गिऱ्हाईक मोटर घेऊन येतं, तुम्ही झाकण उघडून बघता, काय जळालंय ते सांगता, त्याचे पैसे घेत नसाल कदाचित. पण वाइंडिंग करायचं म्हटलं की तांब्याचा भाव, मजुरी, किती दिवस लागतील, सगळं आधी सांगता आणि अॅडव्हान्स घेता. हा हिशोब पोराला येत नाही आणि कॉलेजात कुणी शिकवतही नाही. राउटर आजच लावा परत. दोन दिवस जाऊ देत, मग ते 'क्ष' चं काय केलं होतंस दाखव म्हणा, कळलं नाही तरी पूर्ण बघा. आणि पुढचा असा मेल आला की दुकानातलं कोटेशन बुक घेऊन त्याच्या शेजारी बसा, किती तास लागतील, तासाला किती, हे दोघांनी मिळून लिहा, आणि मेल त्याला पाठवू दे.