एलईडी ब्लिंक झाला, आता पुढे काय?

प्रश्न : मी बार्शीची. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा संगणक) शिकले, पण सिम्युलेटरवर. अर्डुइनो उनो या शिकाऊ बोर्डावर एलईडी ब्लिंक केला, तर मित्र म्हणतात हे खेळणं आहे, एम्बेडेडमध्ये (यंत्रांच्या आतल्या चिपचं प्रोग्रॅमिंग) जायचं तर क्लास लाव. पुण्यातल्या एका क्लासची फी ८० हजार आहे. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. काय करू?

उत्तर : आधी बाबांना सांग, कर्जाची घाई नको. क्लास सगळेच वाईट नसतात. पण बोर्ड हातात घेतल्यावर कुठे अडतं हेच ठाऊक नसेल, तर क्लासमध्ये बसून तू विचारणार काय?

८०५१ शिकलीस ते वाया गेलेलं नाही. चिप १९८० सालची असली तरी पोर्ट (पिनांचा गट), टायमर, इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्येच येणारी हाक) या कल्पना आजही त्याच आहेत. आणि उनोला खेळणं म्हणणाऱ्यांना म्हणू दे. त्यावरचा अॅटमेगा३२८पी हा सरळ, प्रामाणिक मायक्रोकंट्रोलर आहे : ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम. (तुझा बोर्ड आर३ आहे ना, बघून घे. आर४ मध्ये चिपच वेगळी आहे.) अडचण बोर्डाची नाही, अर्डुइनोच्या तयार फंक्शनांची आहे. ती बाजूला ठेव, चिप बनवणाऱ्या मायक्रोचिप कंपनीच्या साइटवरून डेटाशीट (चिपची माहितीपुस्तिका) फुकट उतरवून घे आणि तोच एलईडी साध्या सी मध्ये पेटव.

बोर्डावरची १३ नंबरची पिन म्हणजे चिपच्या भाषेत पोर्ट बी चा बिट ५. डीडीआरबी रजिस्टरमध्ये (रजिस्टर म्हणजे चिपला हुकूम देणारे बिट ठेवायची जागा) तो बिट १ केला की पिन आउटपुट होते, पोर्टबीमध्ये १ केला की एलईडी पेटतो. दोनच ओळी, पण आता त्या का चालतात हे तुला सांगता येईल.

मग एक बटण जोड. एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला, आणि चिपच्या आतला पुल-अप (बटण मोकळं असताना पिन १ वर धरून ठेवणारा रेझिस्टर) चालू कर. तो चालू करायला पिन इनपुट ठेवून पुन्हा पोर्ट रजिस्टरमध्येच १ लिहावा लागतो, आणि बटण दाबलं की वाचताना ० मिळतो. इथे बहुतेक जण एकदा तरी गडबडतात. प्रत्येक दाबाला एलईडीची स्थिती बदलायचा प्रोग्रॅम लिही. तो कधी चालेल, कधी नाही. बटणाचे धातूचे संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थडथडतात आणि चिपला एका दाबाचे चार-पाच दाब दिसतात. याला बाउन्स म्हणतात. सिम्युलेटर हे सहसा दाखवत नाही. यावर तोडगा तूच काढ, लगेच गुगल करू नकोस.

शेवटी डिले (प्रोग्रॅम थांबवून ठेवणारं फंक्शन) काढून टाक, टायमर १ सीटीसी मोडमध्ये वापर, म्हणजे तो ठरलेल्या आकड्यापर्यंत मोजून पुन्हा शून्यापासून सुरू होतो. घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं, प्रीस्केलर (घड्याळाच्या वेगाला भागणारा आकडा) २५६, म्हणजे सेकंदाला ६२,५०० टिक. सेकंदाला एक इंटरप्ट हवा तर ओसीआर१ए मध्ये (तो ठरलेला आकडा ठेवायचं रजिस्टर) ६२,४९९ भरायचे, कारण मोजणी शून्यापासून होते. इंटरप्टमध्ये बदलणारं आणि मुख्य लूपमध्ये वाचलं जाणारं व्हेरिएबल व्होलाटाइल (कंपायलरला ‘दर वेळी मेमरीतून नव्याने वाच’ सांगणारा शब्द) का लागतं, हे याच टप्प्यावर कळतं. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो, आणि पाठ केलेलं उत्तर दुसऱ्याच वाक्याला उघडं पडतं.

हे सगळं गिटहबवर (कोड ठेवायची साइट) टाक, सोबत काय बिघडलं आणि कसं सापडलं तेही लिही. मुलाखत घेणारा आधी तेच वाचेल असं मला वाटतं. ‘स्मार्ट होम’ नावाचे कॉपी केलेले प्रोजेक्ट त्याने पोत्याने पाहिलेले असतात.

त्यानंतर एसटीएम३२ या जास्त ताकदीच्या मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आणि एसटी-लिंक हा डीबगर घे, म्हणजे कोड ओळीओळीने थांबवून बघता येईल. पुण्याला येणं झालं तर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, या बोर्डांची चौकशी कर.

तरीही क्लास लावावासा वाटला, तर फी भरण्याआधी दोन गोष्टी विचार : प्रत्येकाला स्वतंत्र बोर्ड मिळतो का, आणि रजिस्टर डेटाशीटवरून शिकवता की तयार लायब्ररीवरच भागवता? उत्तर गोलमोल आलं तर पैसे घरीच राहू देत.