उंदराच्या अंगात कॅन्सर वाढवून किमो तपासतात, त्याचा माणसाला काही उपयोग होतो का, की उगाच जीव घेतात?

होतो. एम.फार्म.ला मी हे स्वतःच्या हातानं केलंय. एर्लिच असायटिस म्हणून उंदराचीच एक जुनी कॅन्सरची जात आहे, एका उंदराच्या पोटातलं पाणी सिरिंजनं काढायचं, पेशी मोजायच्या आणि दहा-वीस लाख पेशी दुसऱ्याच्या पोटात सोडायच्या. औषध नाही दिलं तर पोट फुगून दोन-तीन आठवड्यांत जातो. औषध दिलेला किती दिवस जास्त जगला ते मोजायचं. एथिक्स कमिटीची परवानगी लागते, मनात आलं आणि टोचलं असं नसते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. 1960 च्या दशकात अमेरिकेत हॉवर्ड स्किपर यांनी एल-1210 नावाच्या रक्ताच्या कॅन्सरवर उंदरांत काम केलं. त्यात दिसलं की एक, फक्त एक जिवंत पेशी राहिली तरी उंदीर मरू शकतो. आणि औषधाचा एक डोस ठरावीक आकडा मारत नाही, ठरावीक टक्का मारतो. म्हणजे एक लाख कोटी पेशीतल्या 99.9 टक्के मेल्या तरी शंभर कोटी उरतातच, तपासणीत न दिसणाऱ्या.

आमच्या चुलत भावाच्या पोराला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा मी नुकताच शिकून गावी आलो होतो, आर्णी तालुक्यात. नागपूरला महिन्याभरात रिपोर्ट साफ आला, पोरगं अंगणात खेळायला लागलं. पुढं अडीच-तीन वर्ष गोळ्या आणि मधे मधे सुया, असं डॉक्टरनं बजावलं होतं. सहा महिन्यांनी सोयाबीन काढणीत एसटीच्या चकरा जड व्हायला लागल्या आणि मोठे बाबा म्हणाले, "पोट्टं चांगलं हाय, आता काहून सुया टोचता त्याले? सदाफुलीचा रस द्या, इंग्रजी औषध बी त्याचंच हाय." अर्धी गोष्ट खरी, व्हिन्क्रिस्टिन हे किमोचं औषध सदाफुलीतूनच निघते, उंदरांच्या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर, तपासूनच ते पुढं आलं, पण शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रामभर! रसातून काय जाणार पोराच्या पोटात?

पाच महिन्यांनी आजार उलटला. दुसऱ्यांदा औषधानं ऐकलं नाही. पुढच्या तान्ह्या पोळ्याला त्याचा लाकडी नंदी माळ्यावरच राहिला. मोठे बाबा आजही चारचौघात सांगतात की किमोनंच पोराले मारलं. नाही मोठे बाबा, किमो थांबवल्यानं गेला तो.

हां, एक आहे, उंदरावर चाललेली बरीच औषधं माणसावर फेल जातात, हे मान्य. लावलेला कॅन्सर दिवसांत वाढतो, माणसाचा कित्येकदा वर्षं घेतो. माणसाची गाठ ज्या बिनकेसाच्या उंदरात लावतात त्याला थायमस, म्हणजे प्रतिकाराच्या पेशी तयार करणारी छातीतली ग्रंथी, नसतो, प्रतिकारशक्ती अर्धवट, म्हणून तर गाठ टिकते, तिथं इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारा उपचार, नीट तपासता येत नाही.

घरात कोणी किमोवर आहे म्हणून विचारत असाल तर रिपोर्ट साफ आला तरी डॉक्टरला विचारल्याशिवाय एक गोळीही बंद करू नका, घरातलं मोठं माणूस कितीही चिडलं तरी. मला सगळं माहीत होतं, आणि मोठ्यांपुढं कसं बोलावं म्हणून मी गप्प बसलो.