३०१८ सीएनसी राउटरला रोटरी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय, वेंगुर्ल्यात घरी ३०१८ राउटर (संगणकाच्या सूचनांवर लाकूड कोरणारं छोटं मशीन) आहे, त्यावर देव्हाऱ्याचे खांब आणि चौरंगाचे पाय करायचेत, तर रोटरी अक्ष (लाकूड आडवं धरून फिरवणारा जोड) घेणं परवडेल का? खांब नुसते गोल, मणी आणि खाचा असलेले असतील तर घेऊ नका. खांबावर वेल चढवायची असेल किंवा पीळ द्यायचा असेल, तरच विचार करा.

गोल कातायचं काम लेथचं आहे. लेथवर लाकूड फिरतं, हातातलं पटाशीसारखं हत्यार टेकवलं की अख्खा घेर एकदम निघतो. रोटरीवर तोच घेर बारीक बिट (कोरायचं पातं) रेघ-रेघ करून काढतो. हिशोब करून बघा. ४० मिमी व्यासाचा, २०० मिमी लांबीचा खांब घ्या. घेर साधारण १२६ मिमी. शेवटचा हात गुळगुळीत हवा असेल तर दर फेरीला बिट ०.४ मिमीच सरकवायचा, म्हणजे लांबीच्या दिशेने ३१४ फेऱ्या. त्या सगळ्या मिळून जवळजवळ ६३ मीटर होतात. मिनिटाला ६०० मिमी वेग धरला तर पावणेदोन तास, तेही नुसत्या फिनिशिंगला. रफिंग, म्हणजे त्याआधीचं जास्तीचं लाकूड काढणं, वेगळंच. आणि देव्हाऱ्याला खांब चार लागतात. सिंधुदुर्गात कातकाम करणारे सुतार अजून आहेत, त्यांच्याकडून गोल खांब करून आणले तर काम लवकर आणि जास्त साफ होतं. चौरंगाचे पाय चौकोनी किंवा चपटे असतील तर ते फळीवरच कोरा, एक बाजू झाली की उलटून दुसरी. त्याला रोटरी लागतच नाही.

वेलबुट्टीच करायची असेल, तर पैसे देण्याआधी टेप घेऊन मशीनजवळ बसा. ३०१८ चा बेड ३०० बाय १८० मिमीचा आणि वर-खालीची हालचाल साधारण ४५ मिमी. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) पूर्ण वर न्या, बिट लावा आणि बिटाच्या टोकापासून बेडपर्यंतचं अंतर मोजा. ते चकच्या (रोटरीत लाकूड पकडणाऱ्या जबड्याच्या) मध्याची उंची अधिक लाकडाची त्रिज्या, या बेरजेपेक्षा जास्तच हवं. नसेल तर बिट लाकडावर चढणारच नाही. विक्रेत्याला चकच्या मध्याची उंची मिलिमीटरमध्ये विचारा. उत्तर मिळालं नाही तर ती वस्तू सोडा. चक आणि लाकडाचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक ३०० मिमीतलीच जागा खातात, त्यामुळे २०० मिमीचा खांब बसतो का तेही आधी बघा.

चक थेट मोटरला जोडलेला असेल तर मी तो घेणार नाही. ही मोटर स्टेपर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी, आणि तिच्या एका फेरीत २०० पावलं असतात. ४० मिमीच्या खांबाला एक पूर्ण पाऊल म्हणजे घेरावर ०.६३ मिमी. मायक्रोस्टेपिंगने (एका पावलाचे छोटे भाग पाडून) हालचाल बारीक होते, पण बिटाचा धक्का बसला की चक हलतो आणि वेलीच्या पानांच्या कडा फाटतात. पट्टा आणि पुली लावून वेग चौपट किंवा सहापट कमी केलेला चक घ्या. लेझरसाठी मिळणारी रबरी रोलरची रोटरी कोरीव कामाला चालत नाही, लाकूड घसरतं.

सॉफ्टवेअरचाही खर्च धरा. मशीनच्या बोर्डवर चालणाऱ्या जीआरबीएल या सॉफ्टवेअरची नेहमीची आवृत्ती तीनच अक्ष चालवते, म्हणून वायच्या, म्हणजे बेड पुढे-मागे हलवणाऱ्या मोटरची तार काढून ती रोटरीला लावायची आणि सेटिंग बदलायचं. बेड पक्का अडकवून ठेवायचा, नाहीतर कंपनाने बिट खांबाच्या मध्यरेषेवरून सरकतो. डिझाइन घेरावर गुंडाळायला व्हीकार्व्हसारखं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते विकत घ्यावं लागतं.

आपल्याकडे पावसात लाइट जाते, हे विसरू नका. सपाट कामात होमिंग स्विच (मशीनला सुरुवातीची जागा ओळखायला लावणारे) असतील तर जागा पुन्हा सापडते, पण या रोटरीला सहसा स्विच नसतो. मधेच वीज गेली की लाकडाचा कोन हरवला. काम सुरू करताना चकवर आणि त्याच्या घरावर समोरासमोर पेन्सिलची रेघ मारा, म्हणजे निदान जवळपास तरी परत येता येईल. शक्य असेल तर मशीन आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर, यूपीएस मोडमध्ये लावा.

लाकूड फणसाचं किंवा शिवणीचं घ्या, पण फांदीचा अख्खा गोल ओंडका चकमध्ये धरू नका. गाभा मधोमध राहिला की वाळताना खांब उभा चिरतो. मोठ्या ओंडक्यातून गाभा सोडून चौकोनी दांडा काढा आणि पावसाळ्यात कापलेला असेल तर उन्हाळ्यापर्यंत सावलीत रचून ठेवा. तेवढ्यात कातकाम करणाऱ्याकडून एक गोल खांब मागवा आणि तुम्हाला हवी ती वेल आधी सपाट फळीवर कोरून पाहा. फळीवर ती वेल साफ येत नसेल, तर रोटरीवरही येणार नाही.